रंग न दिलेलं विमान

युद्ध सुरू होतं. सानगडीहून भंडाऱ्याला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारा शेतकरी बसला होता. हातात पांढरे सुती हातमोजे, मांडीवर प्लॅस्टिकचं छोटं विमान. त्याला अजून रंग दिलेला नव्हता.

"हात नोका लावू जी," तो म्हणाला. "बोटाचं तेल लागलं का रंग धरत नाही म्हणे. पोरगा विमानदलात हाय. सुट्टीत अर्धं जोडलं अन् त्याले बोलावणं आलं. बाकीचं मी जोडलं." आता भंडाऱ्याच्या पेंटरकडून तो ते रंगवून घेणार होता.

"आणि रंग सुटला तर?" मी सहज विचारलं.

"असं बोलू नोका," तो कुजबुजला. "पोरगा तिकडे लढाईत हाय. मले भेव लागते."

तेवढ्यात ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. विमान घसरलं आणि मी ते उघड्या हाताने धरलं. पंखावर माझं घामट बोट उमटलं. तो रागावला नाही. खांद्यावरच्या दुपट्ट्याने पंख पुसत राहिला.

"साबणानं धुतलं का जाते ना जी?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मी हो म्हणालो. मला काहीच माहीत नव्हतं.

भंडाऱ्याला तो उतरून गेला. त्याच्या मुलाचं नाव मी विचारलंच नव्हतं. त्यामुळे युद्ध संपेपर्यंत पेपरात आलेल्या प्रत्येक शहिदाच्या नावाची मला भीती वाटत राहिली.