लाल फडक्यातली नळी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये ट्रे घेऊन रांगेत उभा होतो. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. पुढचं काही मला ऐकू आलं नाही, कारण मागचा माणूस पुढे सरका म्हणत होता आणि मीही मुकाट सरकत होतो. ट्रेमध्ये बटाट्याचं सॅलड वाढून घेतलं, पैसे दिले, खुर्चीत बसलो आणि मग कळलं की श्रीरंग गेला. सकाळी जंगलात फिरायला गेला, बाकावर टेकला, तो उठलाच नाही. ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. आता दसरा होऊन गेला आहे आणि मी हे लिहायला बसलो आहे, ते थोडंफार त्याची माफी मागायलाच म्हणा ना.

श्री आणि मी पुण्याला एका बाकावर बसून इंजिनिअर झालो. जर्मनीत तो येनाला भिंगांच्या कारखान्यात लागला, मी इकडे गेर्लिंगेनला. तीस वर्षं आम्ही फोनवर भांडलो. मी नियमाचा माणूस. रस्ता मोकळा असला तरी लाल दिव्याला थांबणारा. तो म्हणायचा, "अव्या, तू जन्मला असशील तोसुद्धा फॉर्म भरूनच." पन्नाशीत याला काय सुचावं, तर याग्डशाइन, म्हणजे शिकारीचा परवाना! शेजारच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याबरोबर मक्यात घुसणारी रानडुकरं हाकता हाकता त्याला नाद लागला. घरात अंड्याचं भांडंसुद्धा वेगळं. वहिनींनी एकच अट घातली, मारलेलं काही माझ्या ओट्यावर येणार नाही. ती त्याने शेवटपर्यंत पाळली. मुलगी ईशाही त्याच्याबरोबर परीक्षेला बसली आणि बापापेक्षा जास्त गुण मिळवून पास झाली.

त्या शेजाऱ्याने जाताना आपली रायफल श्रीला दिली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, खटक्याची यंत्रणा लोण्यासारखी, पण नळी आतून पार झिजलेली. नेम धरावा एकीकडे आणि गोळी जावी भलतीकडे. मी म्हटलं, ठेव ती भिंतीवर आणि कारखान्याची नवी घे. आपण दोघं आयुष्यभर कारखान्यातच राबलो ना? मशीन मापात काम करतं, वॉरंटी मिळते, बिघडली तर बदलून देतात. त्याचं म्हणणं, यंत्रणा ठणठणीत आहे, नुसती नळी गेली, ती बदलायची. आणि कारखान्याची बंदूक सरासरी जर्मन माणसाच्या खांद्यासाठी बनते, मी पाच फूट चार इंच. तयार शर्टाच्या बाह्या आयुष्यभर दुमडल्या, आता एकदा तरी शिंप्याकडून शिवून घेऊ दे. त्याचा शिंपी म्हणजे येनाबाहेरच्या एका खेड्यातला बंदूक-कारागीर, हेर लोरेन्झ, म्हणजे लोरेन्झसाहेब. त्याने खरंच श्रीच्या हाताचं, मानेचं, खांद्याचं माप घेतलं, दस्ता आखूड केला, नवी नळी बसवली, आणि सरकारी चाचणीचा शिक्का मारून यायला वर्ष गेलं. त्या वर्षात मी दर रविवारी विचारायचो, काय रे, आली का तुझी नवरी?

आली तेव्हा त्याचा फोन आला. शंभर मीटरवरून पाच गोळ्या, पाचही भोकं चहाच्या कपाखाली झाकली जातील इतकी जवळ. आवाजात असा आनंद, जणू दहावीचा निकाल लागलाय. मी काय बोललो असेन? "हे कारखान्याची बंदूकही करते." तो म्हणाला, "बरं ते जाऊ दे, त्या जुन्या नळीचं मी काय केलं, ऐक तर." मला मीटिंग होती. नंतर सांग म्हटलं. पुढे एकदा त्याने परत तो विषय काढला, तेव्हाही मी कारखान्याचीच बाजू मांडत बसलो. बोलायची हौस मोठी, ऐकायची नाही.

ती जुनी नळी मला दिसली त्या वर्षीच्या खंडेनवमीला. आम्ही दसऱ्याला दरवर्षी त्यांच्याकडे जायचो. श्री देवघरापुढे पाट मांडून हत्यारं पुजायचा: व्हर्नियर कॅलिपर, पान्यांचा संच, वहिनींची विळी, ईशाचा लॅपटॉप. आणि त्या वर्षीपासून त्यांच्या शेजारी लाल फडक्यात गुंडाळलेली, नाडीने बांधलेली ती नळी, वर हळदीकुंकवाचे पाच ठिपके. लांबी-जाडीवरून मी ती ओळखली आणि आधी बाहेरच्या दाराची कडी लागली आहे का ते बघून आलो. कारण त्यानेच मला सांगितलं होतं की इथल्या कायद्यात नुसती नळीसुद्धा बंदूकच. ती कुलपातल्या लोखंडी कपाटातच हवी. आणि हा ती गणपतीशेजारी ठेवतो! मी प्रसाद खाल्ला आणि घरी आलो.

तर आता तो गेल्यावर दोन दिवसांनी मी येनाला बसलो होतो आणि ईशा, नेहमीप्रमाणे जर्मनमध्येच, सांगत होती की बाबांची रायफल ती स्वतःच्या नावावर करून घेणार आहे. कारखान्याच्या बंदुका तिला लांब होतात, हीच खांद्याला बसते. बापलेकीची उंची एकच. पुढच्या आठवड्यात आम्टची, म्हणजे सरकारी कचेरीची, माणसं कपाट तपासायला येणार होती. माझी नजर देवघराकडे गेली. लाल फडकं तिथंच होतं. आल्झो, थोडक्यात काय, माझ्या डोक्यात पुढचं सगळं चित्र तयार: माणसं येणार, नळी सापडणार, पोरीचा परवाना जाणार, बापाची एकुलती एक वस्तू जप्त होणार, आणि श्रीच्या नावाला मेल्यावर बट्टा. मी वहिनींना विचारलं, हे मी नेऊ का? त्या कुठेतरी दूर बघत होत्या. न्या, म्हणाल्या. मी त्यांच्या योगाच्या चटईची पिशवी घेतली, नळी आत घातली आणि आगगाडीत बसलो.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, हे मला त्या चार तासांत कळलं. तिकीट तपासणारी बाई आली तेव्हा मी तिला न विचारता सांगितलं की मी योगा करतो. घरी ती पिशवी केलरमध्ये, म्हणजे तळघरात, लोणच्याच्या बरण्यांमागे, तीन आठवडे पडून होती. बायकोने दोनदा विचारलं की तुम्हाला झालंय काय. जेवण जाईना. मित्र गेल्याचं दुःख करायचं सोडून मी मित्रावर चिडत होतो, मेल्या, हे काय करून ठेवलंस! शेवटी ठरवलं, जे होईल ते माझ्या डोक्यावर होऊ दे, ईशाच्या नको. पिशवी उचलली आणि सरळ हेर लोरेन्झच्या दुकानात जाऊन कबुली दिली.

म्हातारा सत्तरीचा. त्याने नाडी सोडली, फडकं उलगडलं, बोटाला लागलेली हळद एप्रनला पुसली. नळी मी पहिल्यांदाच उघडी बघत होतो. तिच्या अंगाला ओळीने सहा भोकं पाडलेली, मागचं तोंड झाळून कायमचं बंद, बाजूला सरकारी शिक्का. लोरेन्झने चष्मा नाकावर चढवला. मग आतून एक फाइल आणली आणि त्यातला कागद माझ्यापुढे ठेवला. "हे मीच केलंय, रायफल दिली त्याच महिन्यात. हिच्यातून आता फुंकरसुद्धा सरळ जात नाही. कायद्याने ही आता बंदूक नाही, तशी नोंदही झाली आहे, मूळ कागद त्यांच्या घरी असेल." मग चष्मा काढून म्हणाला, "ते म्हणाले होते, माझा एक मित्र आहे, नियमांना फार भितो, दरवर्षी घरी येतो. कागद नीट करा, नाहीतर त्याला झोप लागायची नाही."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी, पहिल्यांदाच, मला श्रीची नीट आठवण आली.

तसाच वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ईशा हसून हसून जमिनीवर बसली. आम्टची माणसं येऊन गेली होती, पाच मिनिटांत काम झालं होतं, रायफल तिच्या नावावर. कागद तर बापाने देवघराच्या खणातच ठेवला होता, आरतीच्या पुस्तकाखाली. मी पिशवी पुढे केली, तर वहिनींनी घेतली नाही. म्हणाल्या, "मला वाटलं, आठवण म्हणून नेलीत. असू दे तुमच्याकडे." नळी माझ्याकडे गेल्याचं आम्टला रीतसर कळवते, असं ईशा म्हणाली.

परवा खंडेनवमी झाली. या वर्षी आम्ही येनाला गेलो नाही, वर्षभर त्यांच्याकडे सण नाही. तरी मी माझं जुनं व्हर्नियर काढलं आणि त्याच्या शेजारी ती नळी ठेवली, पूजा न करता, नुसती. पण फडकं सोडलं. जुन्या हळदीचे कण त्या सहा भोकांतून आत गेले होते. मी पाट ओढून तिच्यासमोर बसलो. केलरमध्ये आता फक्त लोणच्याच्या बरण्या आहेत, आणि मला झोप छान लागते. उठताना म्हटलं, "सांग रे, काय केलंस तू त्या जुन्या नळीचं? आज मला मीटिंग नाही."