सासूबाईंनी कासव धरलं

दिरानं माझ्या मुलीच्या वाढदिवसाला नागपूरहून दोन कासवं आणली, तेव्हा ती बिस्किटाएवढी होती. हिरवीगार पाठ, डोळ्यांमागं लाल पट्टा. "यांना काही लागत नाही," असं दुकानदारानं सांगून प्लास्टिकचा डबा आणि सुक्या खाद्याची पुडी दिली होती.

मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि कासवं गोंदियाजवळच्या मुर्री गावात, घरी माझ्याकडं राहिली. तोवर ती ताटलीएवढी झाली होती. टबातलं पाणी रोज बदललं तरी वास यायचा. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणायच्या, "काऊन पाळून राहिली वं त्याईले? तलावात सोड."

पण ही विलायती जात. तलावात तगली तर आपल्या कासवांच्या तोंडचं खाणार, नाहीतर मरणार. मी सोडली नाहीत.

त्या हिवाळ्यात मोठ्या कासवाचे डोळे सुजून मिटले. ते खाईना. पाठ बोटानं दाबली तर दबायची. गोंदियातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "मैंने गाय-बकरी ही देखी है, मॅडम. नागपूर ले जाओ." बादलीत ओला टॉवेल घालून, त्यावर कासव ठेवून मी रेल्वेत बसले.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऊन नाही, पाला नाही, नुसतं सुकं खाद्य. म्हणून हे झालं. इंजेक्शनं द्यावी लागतील, घरीच. वाचलं तर वीस-तीस वर्षं जगेल. तेवढी तयारी आहे?"

मी हो म्हणून बसले. स्वतःला सुई टोचून घेताना तोंड फिरवणारी मी, कासवाच्या पुढच्या पायात सुई कशी द्यायची ते तिथंच शिकले.

घरी पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. मी सुई उचलली की कासव पाय आत ओढून घ्यायचं. दोनदा मी सुई परत खाली ठेवली. सासूबाई दारातून बघत होत्या.

"आन इकडे. एकटीनं नाई होत तुह्यानं."

त्यांनी पदर खोचला, कासव मांडीवर घेतलं आणि न दुखवता पाय बाहेर ओढून धरला. "टोच आता. भेऊन काऊन राहिली?"

मी टोचलं. पुढच्या खेपेपासून त्या माझ्याआधी टॉवेल घेऊन बसलेल्या असायच्या.

गाडी ठेवायची जागा नवऱ्यानं सोडून दिली. तिथं अर्धं उन्हात, अर्धं सावलीत असं सिमेंटचं टाकं बांधलं, ऊन खायला मधे फरशी टाकली. कासवांना एकटं सोडता येईना, म्हणून नणंदेच्या घरच्या लग्नाला मी गेले नाही. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

एका सकाळी मी मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला पाण्यात धरला. मोठ्याचा एक डोळा उघडा होता. त्यानं मान लांब केली आणि पाल्यासकट माझं बोटही पकडलं.

"आई, खाल्लं त्यानं."

"मंग? खाईन नाई तं काय करीन," त्या म्हणाल्या, पण हातातलं काम टाकून आल्या.

आता त्याची पाठ दगडासारखी टणक आहे. शेजारीण परवा म्हणाली, "किती गोड दिसतात. नातवासाठी आम्हीपण आणतो."

सासूबाई म्हणाल्या, "आन ना. आधी टाकं बांध. अन् सुई टोचाले आमच्याकडे शिकाले ये."

फरशीवर दोन्ही कासवं मान वर करून ऊन खात होती. सासूबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू गावात पहिला नंबर त्या कासवांनीच काढला होता.