कोळंबीची लाखो अंडी

नांदुऱ्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो. समुद्र लांब, म्हणून पोरांना कोळंबी फॉर्मलिनच्या बाटलीतच दाखवायची. बायकोचा तिसऱ्यांदा गर्भपात झाला तेव्हा तिला धीर कसा द्यावा, हेच मला सुचेना. दवाखान्यात तिच्या खाटेशेजारी बसून मी मूर्खासारखा तास घ्यायला लागलो. "कोळंबीची मादी समुद्रात लाखो अंडी सोडून देते. बहुतेक पिल्लं माशांच्या पोटात जातात, एखाददुसरंच खाडीपर्यंत पोचून जगतं. निसर्ग असाच असतो."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तिले लाखातलं एखादं तरी भेटते. मले तीनच होते. तिघाईचे नावं ठरवले होते मी, नजर लागीन म्हणून तुमाले सांगतले नाई."