पाऊण तोळा लाख

"समोर बस. सोनं वितळताना मालकानं समोर बसायचं."

आमच्या पंचवटीतल्या गल्लीत कोणीही जुना दागिना मोडायला घेऊन गेलं, की सोनारकाकांचं हे पहिलं वाक्य. घराची पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. एक भट्टी, एक काटा, गुडघ्याएवढी बैठक आणि भिंतीला टेकून बसलेले काका.

असा काटकसरी माणूस तुम्ही क्वचितच पाहिला असेल. कानस फिरली की सोन्याचा कीस उडतो, म्हणून खोलीत पंखा नाही. मिशीत कण अडकतात, म्हणून मिशी नाही. चहा पिऊन आपण उठलो की ते लहान ब्रशनं आपल्या पँटच्या घड्या झटकत आणि म्हणत, "असा कसा जातोस? श्रीमंत होऊन चाललास की!" हात धुतलेलं पाणीसुद्धा ते बादलीत साठवत. वर्षभराचा केर जाळून, धुऊन, गाळून त्यातून मूगभर सोनं निघे. ते एका डबीत जाई.

ती डबी काकूंच्या कुड्यांसाठी होती. सोनाराची बायको, पण कानात खोटे टॉप्स. "यंदा होतीलच," काका म्हणत. काकू आतून म्हणत, "गेली नऊ वर्षं यंदाच चाललंय." आणि दोघंही हसत.

आजी गेल्यावर आईनं तिचे हातातले गोठ मोडायचं ठरवलं. दोन्ही सुनांना एकेक साखळी करायची होती. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. आईनं मला काकांकडे पाठवलं. "शेवटपर्यंत समोर बस," तिनंही बजावलं.

काकांनी गोठ तापवले तशी आतून काळी लाख निघाली. जुने गोठ पोकळ असायचे, आत लाख भरलेली. काकांनी ती काट्यावर ठेवली. "ही बघ. पाऊण तोळा भरली. घरी सांग."

मी आकडा नीट पाहिला. मान डोलावली. मग फोन वाजला आणि मी बाहेर ओट्यावर गेलो. बराच वेळ बोलत राहिलो. आत आलो तेव्हा सोन्याची लगड तयार होती. ती घेऊन घरी आलो, लाखेचं सांगायचं राहूनच गेलं.

आजी नेहमी चार तोळ्यांचे गोठ म्हणायची. लगड भरली सव्वातीन. दादा तडक मला घेऊन काकांच्या दारात गेला. मागून आई आली, मागून शेजारचे चौघं.

"पाऊण तोळा सोनं कुठं गेलं?"

"लाख होती," काका म्हणाले. "याच्यासमोर तोलली. विचारा त्याला."

दादा माझ्याकडे वळला. "तू समोर होतास ना?"

लाख पाहिली म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, मग घरी का नाही सांगितलंस? दादाचा आवाज मला लहानपणापासून ठाऊक होता. मी म्हणालो, "मी फोनवर होतो. मला काही माहीत नाही."

काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग काकूंना म्हणाले, "ती डबी आण."

काकूंनी डबी आणली. काकांनी ती तशीच काट्यावर रिकामी केली. थोडं कमी पडलं, तेव्हा त्यांनी बोटातली अंगठी काढून वर ठेवली. दादानं सगळं रुमालात बांधलं. "चोरलं नसतं तर दिलं असतं का?" शेजारचा एक जण निघताना म्हणाला. तेवढं वाक्य गल्लीला पुरलं.

त्यानंतर काकांकडे कोणी काही मोडायला नेलं नाही. सराफ बाजारातली कामंही थांबली. काकू झाडलेला केर सकाळी सरळ घंटागाडीत टाकू लागल्या. वर्षाच्या आत ते घर सोडून गेले.

साखळ्या झाल्या. माझ्या बायकोच्या गळ्यातल्या साखळीत काकांच्या फरशीवरचं सोनं आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आईला मात्र एकदा सांगितलं. तिनं ऐकलं आणि पोळी उलटत म्हणाली, "आता गप्प बस. दादाला कळलं तर घरात भांडण."

मागच्या वर्षी कामासाठी अंबडला एका कंपनीत गेलो. निघालो तेव्हा पाळी सुटली होती. फाटकाशी कामगारांची रांग, आणि एक म्हातारा वॉचमन प्रत्येकाची पिशवी उघडून, खिसे चाचपून त्यांना बाहेर सोडत होता. ते काका होते.

मी जवळ गेलो. काय बोलायचं ते कित्येक वर्षं मनात जुळवलं होतं. तोंडातून एवढंच आलं, "काका, मी त्या दिवशी लाख पाहिली होती."

"माहीत आहे," ते म्हणाले. हात एका पोराच्या डब्यात होता.

"काकू कशा आहेत?"

"दोन वर्षं झाली जाऊन."

"मी घरी येतो. दादाला घेऊन येतो. सगळ्यांसमोर सांगतो."

त्यांनी डबा बंद करून त्या पोराला परत दिला. "आता कोणाला सांगणार? मला तर माहीतच होतं."

मग माझ्या खांद्यावरची बॅग त्यांनी ओढून घेतली, चेन उघडली, तळापर्यंत हात घालून पाहिलं, आणि मला बाहेर सोडलं.