वर टाकलेले कागद

"आत्या, टेबलावरचे माझे कागद कुठंत?"

"टाकले की वर."

सुनेचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही टाकले? तुम्हाला जमलं?"

"त्यात काय जमायचं? स्टुलावर चढले अन् टाकले."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, मग माळ्याकडं, मग माझ्याकडं. पाचला पन्नास मिनिटं कमी होती. तिनं लिहिलेल्या प्रश्नोत्तरांचे ते बावीस कागद, त्यांचे फोटो पाचच्या आत फोनातून कॉलेजला पाठवायचे होते. नाही गेले तर तिचं बी.ए.चं शेवटचं वर्ष बुडालं. असं पाठवण्याला ही शिकलेली माणसं 'वर टाकणं' म्हणतात, हे मला त्या घटकेला कळलं.

तिचं माहेर बिलोलीचं, तेलंगणाच्या शिवेवरचं. घाबरली की तिच्या तोंडून तिकडचं निघतं. "अय्यो, आत्या!" म्हणाली अन् स्टूल आणायला पळाली.

चूक कशी झाली ते सांगते. त्या दिवशी सकाळी लातुरात आमच्या गल्लीला नळ आला. आमच्याकडं नळ आला म्हणजे लग्नाची वरात आल्यासारखं असतं, हातातलं सगळं टाकून पळायचं. ती बादली घेऊन पळता पळता ओरडली, "आत्या, टेबलावरचे कागद पाचच्या आत वर टाकायचेत, आठवण करा!" मी म्हटलं, आठवण कशाला, एवढं काम मीच करते. आमच्या घरात लागत नाही ती वस्तू वर जाते. पाळणा वर, पितळी घंगाळ वर, जुन्या गोधड्या वर. पोरीचं लिहून झालं, आता कागद वर. पाचच्या आतच का, असंही मनात आलं. वाटलं, काही मुहूर्त-बिहूर्त असेल.

पोरगा नांदेडला नोकरीला, रविवारीच येतो. म्हणून तिच्या शिक्षणावर नजर माझी. सुपारी फुटली तेव्हा तिच्या बापाला शब्द मी दिला होता, पोरीचं बी.ए. पुरं करू. तो माणूस दर फोनला आधी पाऊस विचारतो अन् मग बी.ए.

सुरुवातीला तिचा अभ्यास बघून मला हसू यायचं. कॉलेजचे तास फोनावरच व्हायचे. फोन तुरीच्या डब्याला टेकवून ठेवायची अन् सर बोलतील ते सगळं वहीत उतरवायची. मी चौथी शिकलेली. मला हळू वाचता येतं, पण येतं. एकदा वही उघडली. पहिली ओळ होती, 'आवाज येतोय का सगळ्यांना.' दुसरी, 'कुणीतरी माइक बंद करा.'

"हा कोणता प्रश्न गं?" मी विचारलं.

"सर म्हणाले, म्हणून लिहिलं."

"सर शिंकले तर ते बी लिहिशील?"

त्या दिवसापासून मी नियम घातला. तास चालू असताना हातात पेन घ्यायचा नाही, नुसतं ऐकायचं. तास संपला की फोन पालथा. मी ज्वारी निवडत बसते, माझ्यासमोर बसून जे कळलं ते साध्या बोलीत सांगायचं. मला कळलं तर लिहायचं. नाही कळलं तर तिलाच कळलं नाही असं समजून परत ऐकायचं. आधी ती रुसली. "तुम्हाला कसं कळेल आत्या, हे राज्यशास्त्र हाय."

"सोयाबीनचे भाव कळतात, हे न कळायला काय झालं? सांग."

लिहायची वेळही ठरवली. दुपारचं खाणं आटोपलं की एक कागद, रोज. सण असो, पाहुणे असोत, डोकं दुखो. शेवटच्या आठवड्यात बावीस कागद लिहिणाऱ्याचं अक्षर मी बघितलं आहे, ते कोंबडीच्या पायासारखं असतं. हिचे कागद महिन्याभरात झाले, सुरेख झाले, अन् मी ते माळ्यावर टाकले.

तर त्या दिवशी ती स्टुलावर चढली. मी खाली स्टूल धरून. कागदांची पिशवी सापडली. मी नीटनेटकी बाई, उंदरांनी ओढू नये म्हणून पिशवीवर लोणच्याची बरणी ठेवली होती. बरणी पाझरली होती. एकोणीस कागद कोरडे. तीन कागद तेलानं असे झाले होते, की पुढचं अन् मागचं अक्षर एकदमच दिसत होतं. फोटो काढला तर त्यात ओळीवर ओळ चढलेली. तो ग्रामसभेचा प्रश्न होता, सगळ्यात मोठा.

"परत लिही," मी म्हटलं.

"मला काहीच आठवंना." तिनं फोन उचलला. "फोनात बघून लिहिते."

"फोनात बघत बसलीस तर फोटो कधी काढशील? बस खाली. मी सांगते."

"तुम्ही?"

"तूच सांगितलंस ना मला, ज्वारी निवडताना. दीड पायली ज्वारी निवडून झाली होती तुझ्या त्या ग्रामसभेत."

अन् मी सांगत गेले. ग्रामसभा म्हणजे काय, कोण बोलावतं, त्यात कोण बसतं. तिचंच उत्तर होतं, माझ्याकडं ठेवायला दिल्यासारखं. दोन वाक्यं मी सांगितल्यावर पुढचं तिला आपोआप आठवलं, पेन पळायला लागला. एका जागी मात्र अडली. "बायका सभेला का येत नाहीत, ह्याचं कारण सरांनी काय सांगितलं होतं?"

"सरांचं जाऊ दे. सभा सैपाकाच्या टायमाला ठेवतात म्हणून येत न्हाईत. लिही."

"असं लिहू?"

"खोटं हाय का?"

तिनं लिहिलं. तीन कागदांचे दोनच झाले, पाल्हाळ गेला. मग मी खिडकीपाशी एकेक कागद दोन्ही हातांनी ताणून धरला अन् तिनं फोटो काढले. दोनदा माझा अंगठा आला. तिसऱ्यांदा ती ओरडली, "आत्या, अंगठा!" मला सासू झाल्यापासून कुणी असं ओरडलं नव्हतं. मी अंगठा काढला. फोनात एक गोल चक्र फिरत राहिलं, आम्ही दोघी त्याकडं बघत राहिलो. पाचला दोन मिनिटं असताना चक्र थांबलं अन् हिरवी खूण आली.

त्यानंतर नियमात एक भर पडली. कागद लिहून झाला की त्याच दिवशी त्याचा फोटो. अन् घरात आता नुसतं 'वर' म्हणायचं नाही. माळ्यावर की फोनात, ते स्पष्ट बोलायचं.

महिन्याभरानं कागद तपासून फोनातच परत आले. सैपाकाच्या वाक्याखाली सरांनी लाल रेघ मारून लिहिलं होतं, 'मुद्दा बरोबर.' उन्हाळ्यात निकाल लागला. व्याह्यांचा फोन आला. पाऊस न विचारता म्हणाले, "विहीणबाई, शब्द पाळलात."

"पाळला," मी म्हटलं, "पण स्टुलावर चढून पाळला."

त्यांना काही कळलं नाही. कळणार कसं, त्या दिवशी घरात आम्ही दोघीच होतो. चौथी पास मी, अन् आता बी.ए. पास माझी सून.