आत्याची सकाळ

माझी आत्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. तिची निम्म्याहून जास्त नोकरी रात्रपाळीत गेली. ती लवकर विधवा झाली, मूलबाळ नव्हतं. म्हणून ज्या सिस्टरांच्या घरी लहान लेकरं असत त्यांच्या रात्रपाळ्या ती आपणहून मागून घ्यायची. रिटायर झाल्यावर ती पांढरकवड्याहून आमच्याकडे मुकुटबनला राहायला आली. मी तेव्हा गावातल्या शाळेत शिकवत होते.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळीनं शेतं पोखरली होती, त्यामुळे फवारण्या वाढल्या होत्या, आणि फवारता फवारता चक्कर येऊन पडलेली माणसं दर हंगामात दवाखान्यात येत होती. आत्याच्या नोकरीची शेवटची वर्षं त्यांच्याच उशाशी गेली.

आम्हाला वाटलं, आता तिला आराम मिळेल. झालं उलटंच. सकाळी ती उठायची, पण भिजलेल्या पोत्यासारखी. ओसरीवर कप घेऊन बसायची, तो हातातच गार व्हायचा. खाणं नको, बोलणं नको. दिवे लागले की मात्र तिच्या अंगात वारं शिरायचं. डबे पुसायची, माझ्या साड्यांना इस्त्री करायची, पुन्हा चहा मांडायची.

"आत्या, आता कायले इस्त्री करतं? पड ना जराशी."

"मले आत्ताच तं जाग येते वं. सकाळी जीवच नसते अंगात. म्हातारी झाली वाट्टे मी."

तिचं वजन उतरायला लागलं तेव्हा मी तिला यवतमाळला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी तपासलं, नोकरीचं सगळं विचारून घेतलं, आणि एकाच दिवसात दोनदा रक्त द्यायला सांगितलं: सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सुई टोचणाऱ्या पोरीला आत्यानं रबर नीट बांधायला शिकवलं. मधला सगळा दिवस आम्ही दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली काढला. आत्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. ती किती हलकी झाली होती ते मला त्या दिवशी कळलं.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टर बाई म्हणाल्या, "घाबरू नका, रोग काही नाही. कॉर्टिसोलची लय बिघडली आहे."

"ते तं ताणाचं हार्मोन," आत्या म्हणाली.

"ताणाचं, आणि सकाळचंही." त्यांनी कागदावर एक टेकडी काढली. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या छोट्या ग्रंथी पहाटेच, आपण झोपेत असताना, हा रस रक्तात सोडायला लागतात. जाग आली की थोड्याच वेळात तो शिखरावर जातो. त्याच्याच जोरावर माणूस उभं राहतं. मग दिवसभर तो उतरत जातो आणि झोपेच्या वेळी तळाला लागतो. "वय झालं की टेकडी बसकी होते, संध्याकाळी हवा तेवढा उतार पडत नाही. त्यात तुमची इतक्या वर्षांची रात्रपाळी, रात्रीचा चहा, रात्रीचा उजेड. ड्युटी संपली हे तुमच्या शरीराला अजून कोणी सांगितलेलंच नाही, सिस्टर."

माझ्या अंगावर काटा आला. जन्मापासून रोज पहाटे माझ्या आत कोणीतरी माझ्याआधी उठून चूल पेटवत होतं, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता!

आत्यानं त्या टेकडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मंग सांगाचं कसं त्याले?"

डॉक्टर बाईंनी यादीच दिली: उठल्याबरोबर बाहेर उन्हात जायचं, जेवण ठरल्या वेळी, संध्याकाळी घरात उजेड कमी, आणि दुपारनंतर चहा बंद.

"चहा बंद? मंग जगाचं कायले?" आत्या म्हणाली. आम्ही तिघीही हसलो.

वेचणीचे दिवस होते. आमच्या दारावरून बाया सकाळी शेतात जायच्या. पहिले काही दिवस मी आत्याला हाताला धरून त्यांच्या मागे न्यायची. ती बांधावर उन्हाकडे तोंड करून नुसती बसायची. नंतर तिनं स्वतःच कमरेला ओटी बांधली आणि कापूस वेचायला लागली. एका सकाळी शेजारच्या ओळीतली बाई थबकली.

"तुम्ही पांढरकवड्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर ना? माह्या भावाले फवारणीचं इख लागलं होतं. तुम्ही रातभर त्याच्यापाशी होत्या."

आत्यानं जरा भीतच विचारलं, "कसा आहे तो?"

"चांगला आहे ना! आत्ता बैलं घेऊन गेला."

आत्या ओटीतला कापूस उगाच दाबत राहिली. त्या दिवशी दुपारी ती दोन भाकरी जेवली.

बदल एकदम झाला नाही. कित्येकदा ती पुन्हा जुन्या सवयींवर जायची, संध्याकाळी चहासाठी माझ्याशी भांडायची. डॉक्टर बाईंनी आधीच सांगितलं होतं की तरुणपणाची टेकडी परत यायची नाही. मधूनच तिची झोप मोडायची, ती शेवटपर्यंत मोडतच राहिली. पण वेचणी संपत आली तोवर दिवे लागले की तिला जांभया यायला लागल्या.

एकदा मला लवकर जाग आली. फटफटत होतं. आत्या शेजारच्या खाटेवर झोपलेली. मी तिच्याकडे बघत बसले. आधी तिचा श्वास बदलला. मग बोटं हलली. उशाला दाबलेल्या गालावर हळूहळू रंग आला. ना गजर, ना हाक. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. तरी आत काहीतरी वर चढत होतं, आणि ते मी समोर बसून बघत होते. कुठल्या देवळातही माझे हात असे आपोआप जुळले नव्हते.

तिनं डोळे उघडले.

"काय पाहून राह्यली वं अशी?" ती म्हणाली, आणि उठून बसली.