राजेंचा पडदा आणि एक नंबरचं सॉकेट

होंग वेन-थुंगचं आयुष्य चिनी अक्षरांच्या उभ्या ओळींत गेलं. तरुणपणी तो ताइनान शहरातल्या एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचा. खिळे गेले, मागोमाग छापखानाही गेला, तेव्हा तो त्साई यू-लानच्या नाटकमंडळीत आला. ही मंडळी देवांच्या वाढदिवसाला गावोगाव देवळासमोर संगीत नाटकं करते. रंगमंचाच्या कडेला एका अरुंद, उभ्या पडद्यावर गाण्याचे शब्द दाखवायचे, हे होंगचं काम. आधी तो काचपट्ट्यांवर ब्रशने लिहायचा, मग संगणक आला. जुना झालेला संगणक नवं काही पेलेना, म्हणून त्याने त्यावर लिनक्स ही हलकी, फुकट मिळणारी प्रणाली घातली. शिकवायला कुणी नव्हतं. चुकत चुकत जमलं, पण ते खरंच जमलंय यावर त्याचा कधी पुरता विश्वास बसला नाही. दर प्रयोगाआधी तो सगळं पुन्हा तपासायचा.

मंडळीतली पोरंबाळं त्याला थुंगकाका म्हणत. बोलणं कमी. जेवायला सगळ्यांच्या शेवटी.

त्या वर्षी समुद्रकाठच्या थांगवेई गावात ची राजे या तिथल्या देवाच्या वाढदिवसाचा प्रयोग होता. गाव कालवं पाळणाऱ्यांचं. ट्रकमध्ये यू-लानने त्याला सांगून टाकलं, "थुंगदादा, देवळाच्या अध्यक्षांचा फोन होता. गेल्या साली मधेच अक्षरं गेली होती ना, ते विसरले नाहीत. यंदा बघणार, आणि नाही जमलं तर पुढच्या सालापासून शब्दांचं काम शहरातल्या कंपनीला."

"बरोबर आहे त्यांचं," होंग म्हणाला.

"बरोबर काय आहे? एका गावाने सोडलं की शेजारची चार सोडतात. मग मी तुम्हाला काय, नाटकातल्या सैन्यात झेंडे धरायला उभं करू?"

झेंडे धरायला होंगचे गुडघे चालले नसते, हे दोघांनाही माहीत होतं.

देवळापाशी पोचल्यावर कळलं, यंदा एक नवी गोष्ट आहे. मंडपाच्या छतामुळे गाभाऱ्यातून पडदा दिसत नाही, आणि नाटक तर राजेंसाठी, म्हणून कुणीतरी एक जुना टीव्ही देवळाला दिला होता. तो उंबऱ्यापाशी, राजेंकडे तोंड करून, आडव्याचा उभा करून लाल दोरीने बांधला होता. संगणकाची केबल एका छोट्या डबीत येई आणि डबीच्या एक नि दोन नंबरच्या सॉकेटांतून दोन वाटा फुटत: एक राजेंच्या टीव्हीला, एक लोकांच्या पडद्याला. जोडाजोडी अध्यक्ष वेई चिन-शूंनी स्वतःच्या हाताने केली होती.

होंगने संगणक सुरू केला. अक्षरं आडवी पडली होती. सेटिंगमध्ये जाऊन त्याने ती उभी केली, तर ती जाड नि पुसट दिसू लागली आणि प्रत्येक ओळीचं पहिलं नि शेवटचं अक्षर कापलं जाऊ लागलं. पडद्याचं नेहमीचं माप त्याने यादीत शोधलं. ते यादीतच नव्हतं. केबल काढून घातली, संगणक बंद करून चालू केला. अक्षरं पुन्हा आडवी.

"झोपली का?" तोंडाला रंग लावता लावता यू-लानने विचारलं.

"झोपली."

"उठवा. मुहूर्त थांबायचा नाही."

पुढच्या रांगेत म्हाताऱ्या येऊन बसल्या होत्या. एक दुसरीला म्हणत होती, "मला तर बाई आता शब्द दिसल्याशिवाय गाणं ऐकूच येत नाही."

अध्यक्ष हात मागे बांधून होंगच्या पाठीशी येऊन उभे राहिले. आपलंच काही चुकलं, असं धरून होंग पहिल्यापासून एकेक सेटिंग वाचू लागला, आणि तेव्हा त्याला दिसलं की पडद्याच्या नावाच्या जागी त्याच्या पडद्याचं नावच नाही. तिथे एका टीव्हीचं नाव होतं.

"अध्यक्ष, डबीत राजेंची केबल कुठे लावलीत?"

"एक नंबरला. आणखी कुठे लावणार? तुमच्या पडद्याला एक नंबर आणि राजेंना दोन?"

होंग खाली बघत म्हणाला, "ही डबी एक नंबरवर जो असेल त्याचंच नाव संगणकाला सांगते बहुतेक. संगणक सगळं राजेंच्या टीव्हीच्या मापाने पाठवतोय. केबलींची अदलाबदल केली तर... कदाचित होईल."

"कदाचित?"

"कदाचित."

अध्यक्षांनी मान हलवली. "मी माझ्या हाताने राजेंना खाली उतरवणार नाही. विचारावं लागेल."

कौल लावला. राजेंना दोन नंबर चालेल का? कौलासाठी टाकायच्या लाकडाच्या दोन्ही चंद्रकोरी पालथ्या पडल्या. नाही. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, या वेळी लोकांची अडचण समजावून. दोन्ही उताण्या. असा कौल म्हणजे राजे हसले, उत्तर काहीच नाही.

"हसू द्या," यू-लान अर्धा रंगलेला चेहरा घेऊन तिथवर आली होती. "प्रश्नच वेड्यासारखा विचारताय. डबीवरचे आकडे काय राजेंनी घातलेत? कारखान्याने घातलेत. लाल कागद आणा, त्यावर चिकटवा, आणि आपले आकडे आपण लिहा."

"आणि संगणकाला ते कळेल?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्याला कागद दिसत नाही," होंग म्हणाला.

अध्यक्षांनी पूजेतला लाल कागद फाडून दिला. होंगने ब्रशने आकडे लिहिले, कारखान्याच्या दोनवर एक आणि एकवर दोन. केबली बदलल्या. अध्यक्षांनी डबी दोन्ही हातांत धरून राजेंना दाखवली आणि विचारलं, ही मांडणी मान्य आहे का? एक चंद्रकोर उताणी, एक पालथी. कौल मिळाला.

होंगने संगणक सुरू केला. नाव त्याच्या पडद्याचं आलं. माप आलं. अक्षरं कुणी न सांगता उभी राहिली, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. राजेंच्या टीव्हीवर मात्र ती जरा बारीक नि मळकट दिसत होती. ते पाहून अध्यक्ष लोकांच्या पडद्यासमोर जाऊन बसले.

प्रयोगभर ते रंगमंचाकडे न बघता पडद्याकडेच बघत होते. अक्षरं एकदाही गेली नाहीत. पुढच्या रांगेतली म्हातारी शब्द वाचत, नटीच्या किंचित मागून, मोठ्याने गात होती आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

सामान आवरताना अध्यक्ष होंगपाशी आले.

"शहरवाल्यांचा एकच मोठा पडदा असतो म्हणतात. त्यांना राजेंच्या टीव्हीचं हे सगळं समजावत बसायचं, पुन्हा कौल लावायचा." त्यांनी डोकं खाजवलं. "त्यांना नको म्हणून कळवतो. तुम्ही मात्र पुढच्या सालापासून आदल्या दिवशी या. हे आयत्या वेळचं मला झेपत नाही."

"येतो," होंग म्हणाला, आणि केबल कोपरापासून अंगठ्यापर्यंत गुंडाळू लागला.